उकंडाची पथरी

दिवाळी आटोपली आणि उकंडा फुलसावंगीहून आपल्या गावी परतला. ऐन सोयाबीनच्या सवंगणीत, म्हणजे कापणीत, जावयाचा पाय मोडला म्हणून तो आणि कांताबाई दसऱ्याच्या संध्याकाळीच लेकीकडे, पायलकडे, धावले होते आणि महिनाभर तिथंच अडकले होते. घरी पिशव्या टाकल्या, कांताबाईनं चहा ठेवला, पण हा गडी काही थांबला नाही. महिनाभर वस्तऱ्यांना धार नव्हती. दोन वस्तरे खिशात घालून तो तडक पारामागच्या कडुनिंबाकडे निघाला.

कळंब तालुक्यातल्या त्या गावात उकंडाची बसायची जागा म्हणजे तो कडुनिंब. झाडाला दगडी ओटा, ओट्याच्या पोटात एक कोनाडा आणि कोनाड्यात पत्र्याच्या डब्याखाली झाकलेली त्याची पथरी. पथरी म्हणजे वस्तऱ्याला धार लावायचा दगड. चाळीस वर्षं ती तिथंच असायची. ओली, जड, कोणाच्या कामाची नाही. चोरून नेणार कोण?

आता तिथं पत्र्याचं शेड होतं. शेडला लाल झेंडा, पितळी घंटा, लोखंडी जाळीचं दार आणि वर पाटी: ‘जागृत देवस्थान श्री हळदीमाय’. उकंडाला आधी वाटलं, आपण भलत्याच झाडाखाली आलो. मग त्यानं वाकून जाळीतून आत पाहिलं. कोनाड्यात सिमेंटचा चौथरा, त्यात एक तृतीयांश बुडालेला उभा दगड, दगडाला बोटभर जाडीचा शेंदूर आणि शेंदरातून रोखून पाहणारे दोन चांदीचे डोळे. दगडाच्या उजव्या कोपऱ्याला टवका उडालेला होता. उकंडाच्या बापाच्या हातून एकदा ओट्यावर पडली, तेव्हाचा टवका.

“अबे!” उकंडा एवढा मोठ्यानं ओरडला की पारावरची चार माणसं उठून आली. “माही पथरी! कोनं केलं रे हे?”

चौघंही उकंडाची नेहमीची गिऱ्हाइकं. चौघांनीही या पथरीवर घासलेल्या वस्तऱ्यानं वर्षानुवर्षं गाल पुढं केलेले. आणि चौघांनीही एकदम झेंड्याकडे पाहायला सुरुवात केली, जणू तो आत्ताच फडकायला लागला होता.

उकंडानं जाळीची कडी काढली आणि आत हात घातला. तेवढ्यात मागून आवाज आला, “उकंडा! हात नोको लावू. देवी बाटन.”

हातात पूजेचं ताट घेऊन विमलताई उभ्या होत्या. माजी सरपंच बबनरावांची बायको. गावात कोणाकडे बारसं असो की तेरवी, विमलताईंच्या शब्दावाचून पान हलत नसे.

“ताई, हे माही पथरी हाय,” उकंडा म्हणाला. “वस्तऱ्याची.”

“होती असन,” विमलताई म्हणाल्या. “आता माय हाय. नातवाले ताप होता, उतरत नोता. यवतमाळचे डॉक्टर झाले, सलाईन झालं. मी अथून जाता जाता पाह्यलं तं कोनाड्यात पिवळीजर्द देवी, हळद-कुकू लावलेली, झेंडूचं फूल वाह्यलेलं. हात जोडले. घरी जाऊन पाह्यते तं पोरगं खेळून राह्यलं.”

“थे हळद-कुकू मी लावलं होतं! दसऱ्याले! हत्याराची पूजा होती थे!”

“तुह्या हातून तिनं लावून घेतलं,” विमलताई शांतपणे म्हणाल्या. “तुले कळलं नाही, एवढंच. सरक बरं. आंघोळ तरी केली काय? दिवसभर लोकाइच्या डोक्यात हात घालते तू.”

उकंडा सरकला. हेच त्याला पुढं कितीतरी दिवस टोचत राहिलं, की आपण सरकलो. एका ताटासाठी, एका बाईच्या आवाजासाठी, आपल्याच जागेवरून, आपल्याच दगडापासून. तळपायाची आग मस्तकात गेली ती घरी पोचल्यावर. तोवर उपयोग काय?

आणि चूक स्वतःचीच, हे तर आणखीनच वाईट. दसऱ्याला हत्यार पुजलं की त्या दिवशी हलवायचं नाही, हा त्यांच्या घरातला रिवाज. वस्तरे, कातर, नखं काढायची नराणी सगळं धोपटीत, हत्यारांच्या पिशवीत, घालून घरच्या पाटावर पुजलं होतं, पण पथरी तिच्या जागीच पुजायची, बापानंही तसंच केलेलं. डबा बाजूला काढून हळद लावली, कुंकू लावलं, फूल ठेवलं. तेवढ्यात लेकीचा फोन आला. डबा परत झाकायचा राहिला. एक डबा झाकायचा राहिला आणि पथरीची देवी झाली!

उकंडाच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती. म्हणून याला उकिरड्यावर लोळवून आणून नाव उकंडा ठेवलेलं, अशासाठी की वरच्याची नजर याच्याकडे वळू नये. पासष्ट वर्षं ती वळली नाही. वळली ती एकदम याच्या पथरीवर.

ती पथरी साधी असती तर गोष्ट वेगळी. बाजारात सिमेंटच्या रंगाचे दगड मिळतात, विळ्याला बरे. ही उकंडाच्या आजानं आणलेली होती, हैदराबादकडच्या कुठल्या पलटणीच्या न्हाव्याकडून. बारा वर्षं त्या न्हाव्याच्या हाताखाली राबला, जाताना त्यानं ती हातावर ठेवली. विलायतची, एवढंच आजा सांगायचा. एका अंगाला सायीसारखी पिवळी, दुसऱ्या अंगाला निळसर काळी. दोन दगड कोणी चिकटवलेले नव्हते, मातीच्या पोटातच ते दोन थर एकमेकांना धरून होते. पिवळ्या बाजूवर पाणी टाकून वस्तरा आडवा फिरवायचा, धार पुढं, पाठ न उचलता, जोर न देता. थोड्या वेळानं पाणी दुधासारखं होतं. मग पाणी पातळ करत जायचं आणि हात हलका करत जायचा. शेवटी नुसत्या पाण्यावर वस्तरा असा सरकतो की त्याचा आवाजच बंद होतो. आवाज बंद झाला की धार आली. हे कोणाला सांगून येत नाही. उकंडाला यायला सहा वर्षं लागली होती, आणि त्या सहा वर्षांत बापानं त्याला दाढीला हात लावू दिला नव्हता.

आता दाढीला सगळे ब्लेडच मागतात, दर माणसामागे नवं. उकंडाही तेच लावायचा, रोगराईचे दिवस, लोकांचंही बरोबर आहे. पण दोन-चार म्हाताऱ्यांचे स्वतःचे वस्तरे त्याच्याकडे असत आणि एक वस्तरा तो फक्त जावळासाठी राखून होता. लेकराच्या टाळूवरून ब्लेड फिरवायचं त्याच्या हाताला मान्य नव्हतं. ब्लेड कातड्यात बसतं आणि मग सांगतं. पथरीवरचा वस्तरा केस घेतो, कातड्याला खबर लागू देत नाही. आसपासच्या पाच-सहा गावांतली लेकरं त्याच्याकडे यायची ती याच्यासाठी.

पहिल्या आठवड्यात उकंडानं सगळं करून पाहिलं. बबनरावांच्या वाड्यावर गेला. बबनराव खुर्चीत बसले होते, गाल गुळगुळीत, या महिन्यात कळंबला कोणाकडून तरी करून घेतलेले.

“भाऊ, तुमाले तं माहीत हाय,” उकंडा म्हणाला. “तुमी रोज पाह्यत होते. तुमच्यासमोर घासत होतो मी.”

“आता थे जुनं झालं, उकंडा,” बबनराव म्हणाले. “लोकाइची भावना हाय. तुले दुसरी घेऊन देतो ना.”

“दुसरी भेटत नाही.”

“काहून नाही भेटत? आजकाल सगळं भेटते.” आणि मग बबनराव हसले. “तसा तू गावभर सांगत फिरून राह्यला, माही पथरी, माही पथरी. लोकाइले वाटते तुले मुतखडा झाला. यवतमाळले जाऊन सोनोग्राफी कर एकदा.”

हा विनोद दुसऱ्या दिवशी गावात फिरला. उकंडा रस्त्यानं निघाला की कोणीतरी विचारायचं, “काय उकंडाभाऊ, पडली काय पथरी?” शाळेतली पोरंसुद्धा. उकंडानं ग्रामपंचायतीत अर्ज दिला. तिथल्या बाबूनं तो वाचला, ‘पथरी’ या शब्दावर बोट ठेवून हसू दाबलं आणि म्हणाला की देवस्थानाचा विषय आपल्याकडे येत नाही. मग कोणाकडे येतो? ते त्याला माहीत नव्हतं.

मुलगा राजदीप कळंबहून आला. कळंबला त्याचं सलून, काचेचं दार, फिरत्या खुर्च्या. त्यानं ऑनलाइन मागवलेली हिऱ्याच्या भुकटीची पट्टी आणली होती. उकंडानं जावळाचा वस्तरा तिच्यावर चार वेळा फिरवला, अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिला आणि खाली ठेवला.

“करवत झाली हे.”

“बाबा, कायले जीव काढता?” राजदीप म्हणाला. “बबनरावांशी भांडून गावात राहाचं हाय काय तुमाले? माह्याकडे चला. ब्लेड लावा, हात धुवा, घरी या.”

उकंडाला पोराचा राग आला नाही. पोरगा चांगला होता, आणि त्याच्या सांगण्यात वाईट काही नव्हतं. पण ज्याला बापाच्या हातातली गोष्ट जाताना दिसत नाही त्याला ती सांगायची तरी कोणत्या शब्दात? त्यानं पट्टी परत दिली.

रविवारी सकाळी तो नानाजींकडे दाढी करायला गेला. नानाजी निवृत्त मास्तर, भीमनगरात राहायचे, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचा वस्तरा त्यांच्या वडिलांच्या वेळचा, हस्तिदंती मुठीचा. अंगणात खुर्ची टाकून ते बसले, उकंडानं साबण लावला, आणि पहिल्याच ओढीला नानाजींनी डोळे मिटले.

“ओढते रे आज.”

झालं. उकंडाचा इतक्या दिवसांचा बांध फुटला. “ओढन नाही तं काय करन, नानाजी? धार कशावर लावू? मले म्हन्ते हात नोको लावू, देवी बाटन! माह्या हातानं त्याइच्या घरच्या लेकराइचे जावळं काढले, तवा नाही बाटले थे. मयतीले दहाव्याले मीच पाह्यजे, तवा नाही बाटत. आन् माह्याच पथरीले माहा हात चालत नाही! कोन्या तोंडानं बोलतेत हे लोक?”

नानाजींनी अर्ध्या गालाचा साबण तसाच ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

“हा वस्तरा माह्या बापानं काहून घेतला, माहीत हाय तुले?”

उकंडाला माहीत होतं. गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

“माह्या मोठ्या भावाचं लगन होतं,” नानाजी म्हणाले. “बाप तुह्या बापाच्या दारात गेला. हात जोडले. म्हने, पोरगा नवरदेव हाय, दाढी करून द्या. तुहा बाप म्हने, वस्तरा बाटन. तवा बापानं यवतमाळच्या बाजारातून हा घेतला. धार कोठी लावता येत होती आमाले? भाऊ कापलेल्या गालानं लग्नात उभा राह्यला. फोटोत दिसते अजून.”

उकंडाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “थो बाप होता माहा. मी नोतो.”

“तू नोता. म्हनून तं तुह्यासमोर मान वर करून बसतो ना मी.” नानाजींनी टॉवेल सरळ केला. “टोमना नाही मारून राह्यलो, उकंडा. फक्त एक सांगतो. मागून भेटत नाही. आमी लय मागून पाह्यलं. तुह्यावाचून त्याइचं काय अडते, थे पाह्य.”

उकंडानं उरलेली दाढी अगदी हळू केली, चार ठिकाणी थांबून. घरी जाताना त्याला राग येत होता, पण आता तो एका जागी बसेना. बबनरावांवर आला, विमलताईंवर आला, पारावरच्या चौघांवर आला आणि मग मेलेल्या बापावरही आला. असा राग त्याला कधी आला नव्हता. बापाच्या नावानं रागवायची सवयच नव्हती. संध्याकाळी कांताबाईनं विचारलं, जेवत काहून नाही, तर तो एवढंच म्हणाला, “ज्यानं मले धार शिकवली, त्यानं कोनाले तरी गाल कापून घ्याले लावला.”

पुढच्याच आठवड्यात विमलताईंकडून निरोप आला. नातवाचं जावळ. तापात नवस बोललेला, की पहिले केस हळदीमायेच्या पायाशी उतरवू, आणि तेही पद्धतीनं, वस्तऱ्यानं. मुलाचा मामा पुसदहून येणार होता, गावजेवण होतं, मुहूर्त रविवारी सकाळी साडेदहाचा.

“जाऊ नोका,” कांताबाई म्हणाली. “आपली गोष्ट घेऊन बसले, आन् वरून आपल्यालेच बोलावतेत. लाज कशी वाटत नाही?”

“जातो,” उकंडा म्हणाला. “वस्तरा घेऊन जातो. जसा हाय तसा.”

रविवारी कडुनिंबाखाली मांडव होता. खुर्च्या, लाऊडस्पीकर, बुंदीचा वास. मामाच्या मांडीवर अकरा महिन्यांचा आयुष, डोळ्यात काजळ, कुरळ्या केसांचा टोप. शेजारी त्याची आई प्रेरणा, बबनरावांची सून. तिची थोरली मुलगी अपेक्षा तिच्या पदराला धरून उभी होती. उकंडा धोतराचा काष्टा सावरून खाली बसला, वाटीत पाणी घेतलं, लेकराचं डोकं भिजवलं. मग धोपटीतून जावळाचा वस्तरा काढला, स्वतःच्या मनगटावरच्या केसांवर फिरवला. एकही केस उतरला नाही. पुन्हा फिरवला. सगळे पाहत होते.

त्यानं वस्तरा मिटला.

“काय झालं?” विमलताईंनी विचारलं. “मुहूर्त चालला.”

“धार नाही.”

“मंग ब्लेड लावा,” कोणीतरी मागून म्हणालं.

“ब्लेड नाही!” प्रेरणा ताडकन म्हणाली. तिनं अपेक्षाच्या कानामागचे केस बाजूला केले. तिथं करंगळीएवढी पांढरी रेघ होती. “हिचं जावळ माहेरी केलं होतं ब्लेडनं. रक्तानं फ्रॉक भिजला होता. मी पुन्हा नाही करू देनार.”

बबनराव घामाघूम झालेले, पाहुण्यांपुढं शोभा चाललेली. ते त्राग्यानं म्हणाले, “अरे, मंग धार लाव ना, उकंडा! बसला काहून?”

“कशावर लावू, भाऊ?”

बबनरावांची नजर जाळीकडे गेली. पारावरच्या चौघांचीही तिकडेच गेली. मांडवातल्या प्रत्येकाची गेली, आणि कोणाला सांगावं लागलं नाही, की कशावर.

सावरल्या त्या विमलताईच. “देवीचीच इच्छा दिसते,” त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यात खरंच पाणी आलं. “नातवाचं जावळ तिले स्वतः करून घ्याचं हाय. लाव, उकंडा. तिच्या अंगावर लाव धार. आज चालते.”

आज चालते! म्हणजे उद्या पुन्हा बाटणार. म्हणजे यांच्या घरचं काम निघालं की हात शुद्ध आणि काम झालं की हात घाण. तो उठून उभा राहिला.

“देवीची इच्छा नाही, ताई. माही इच्छा हाय. आन् माही इच्छा अशी हाय, का भाऊनं पाच लोकाइसमोर सांगावं, हे काय हाय आन् कोनाचं हाय. लाऊडस्पीकर नोको. नुसतं तोंडानं सांगा.”

“उकंडा, पाहुने हायेत,” बबनराव दबक्या आवाजात म्हणाले.

“पाहुन्याइच्या समोरच सांगा. सोनोग्राफीचं सांगतलं तवा गावासमोर सांगतलं ना?”

लेकरू रडायला लागलं. मामाचा पाय अवघडला. भोंग्यावर कोणीतरी लावलेली आरती तशीच चालू होती, ती प्रेरणानं हात हलवून बंद करायला लावली. मग ती सासऱ्यांकडे वळली. “मामाजी, म्हना ना. खरं हाय थे. तुमाले माहीत हाय, खरं हाय.”

बबनरावांनी सुनेकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, शेवटी जमिनीकडे पाहत म्हणाले, “पथरी हाय थे. उकंडाची पथरी हाय.”

यावेळी कोणी हसलं नाही.

छिन्नी-हातोडा बबनरावांच्याच घरून आला. उकंडानं कोणाला हात लावू दिला नाही. सिमेंट त्यानं बाजूबाजूनं, टिचक्या माराव्यात तसं फोडलं. पथरी हातात आली तेव्हा तिचं वजन त्याच्या मनगटानं ओळखलं. साबण, चिंधी आणि नारळाची शेंडी घेऊन तो शेंदूर उतरवायला बसला. तेलात कालवलेला तो शेंदूर थरावर थर निघत राहिला, आणि खालून पिवळा रंग दिसायला लागला. उकंडाचा जीव भांड्यात पडला. मग त्यानं चांदीच्या डोळ्याखाली नख घातलं. डोळा निघेना. त्यानं तो पिळला. पिळता पिळता लांबलचक स्क्रू बाहेर आला. दुसऱ्याही डोळ्यातून आला.

पिवळ्या बाजूत, बरोबर मधोमध, दोन भोकं होती. ड्रिलची. कडा फुटलेल्या. तीन पिढ्यांनी पाण्यानं गुळगुळीत केलेल्या अंगात दोन भोकं, आणि एकाच्या कडेपासून केसाएवढी चीर टवक्यापर्यंत गेलेली.

“हे कोनं केलं?”

“चिकटत नोते डोये,” बबनराव म्हणाले. “तेलानं निसटत होते. यवतमाळचा मानूस आनला, त्यानं मशीननं...”

उकंडा बोट भोकाच्या कडेवरून फिरवत राहिला. या कडेवर वस्तरा गेला तर पातं खरबडून निघेल, मधला भाग गेला, कायमचा गेला. हातोडा शेजारीच पडला होता. एक घाव घातला असता तर पथरीही गेली असती आणि देवीही. तो विचार त्याच्या मनात आला नाही असं कसं म्हणावं? आला. पण समोर लेकरू होतं, ते रडून दमलं होतं, आणि त्याचं डोकं ओलं होतं. त्याचा यात काय गुन्हा?

भोकांच्या खाली चार बोटं जागा शिल्लक होती, सिमेंटमध्ये बुडाली होती म्हणून वाचलेली. उकंडानं पथरी मांडीवर घेतली, तेवढ्या जागेवर पाणी टाकलं आणि आखूड हातानं वस्तरा फिरवायला लागला. पाणी दुधासारखं झालं. त्यानं ते पातळ केलं. पुन्हा पातळ केलं. मांडवात एवढी शांतता होती की आवाज बंद झालेला सगळ्यांना कळला. मनगटावरून त्यानं पातं फिरवलं तर केस फुंकरीनं उडावेत तसे उडाले.

जावळ झालं तेव्हा आयुष मामाच्या मांडीवर झोपला होता. डोक्यावर ओरखडा सोडा, लाली नव्हती. प्रेरणानं त्याच्या टाळूवरून हात फिरवला आणि ती उकंडाच्या पाया पडायला वाकली. त्यानं तिला पडू दिलं नाही. दोन चांदीचे डोळे आणि दोन स्क्रू त्यानं बबनरावांच्या हातावर ठेवले, पथरी धोतराच्या फडक्यात बांधली आणि बुंदी न खाता तो घरी गेला.

“देवीले घेऊन चालला थो,” मागून विमलताई रडत म्हणाल्या. कोणी त्याला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार, हत्याराला सुट्टी. मंगळवारी सकाळी उकंडा पुन्हा कडुनिंबाखाली गेला. जागा त्याची होती आणि पथरीही आता चारचौघांत त्याची ठरली होती. त्यानं ओट्याशी फडकं अंथरलं, पथरी मांडीवर घेतली आणि नानाजींचा वस्तरा काढला. चार बोटांच्या जागेत हात बसवायला वेळ लागत होता. जुन्या सवयीनं हात लांब जायचा आणि भोकाशी येऊन अडायचा.

तेवढ्यात विमलताई आल्या. हातात ताट, ताटात हळद, कुंकू, उदबत्ती. उकंडाला वाटलं, आता पुन्हा पथरीसाठी हात पसरणार, आणि तो ती छातीशी धरून बसला. त्यांनी पथरीकडे पाहिलंही नाही. जाळी उघडून त्या आत वाकल्या. कोनाड्यात, जिथून पथरी फोडून काढली होती, तिथं सिमेंटचा खड्डा होता. खड्ड्याला ताजा शेंदूर फासलेला होता. खड्ड्याच्या मागच्या भिंतीला ते दोन चांदीचे डोळे बसवलेले होते, मेणानं, चिकटून, छान.

विमलताईंनी खड्ड्याला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, हात जोडले. मग मान न वळवताच म्हणाल्या, “उकंडा, थोडा पलीकडे सरक. तुह्या पथरीचं पानी देवीवर उडते.”

उकंडा सरकला नाही. तो उठून उभा राहिला आणि पथरी दोन्ही हातांत धरून, आख्ख्या पाराला ऐकू जाईल असा ओरडला, “ताई, खड्ड्यालेच हात जोडाचे होते, तं माह्या पथरीले भोकं काहून पाडले?”